‘लई’ हे माप न्हाई

आमच्या हुमनाबादच्या घरमालकांना पेढे द्यायला लोक घाबरायचे. कुणाचा पोरगा पास होवो, कुणाला नात होवो, डबा घेऊन जिना चढून वर गेलं की अप्पा आधी ‘वा वा, छान झालं’ असलं काही म्हणायचे नाहीत. डबा तळहातावर घ्यायचे, दोनदा वरखाली करायचे आणि विचारायचे, "खोक्यासकट तोललाय का खोकं काढून?" आता आनंदाच्या भरात पेढे घेणाऱ्याला हे कुठलं माहीत असणार? तो बिचारा हसायचा, घाम पुसायचा. अप्पा पेढे ठेवून घ्यायचे, पण दुकान कुठलं ते विचारून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानदाराचं काही खरं नसायचं.

अप्पा वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. सगळी नोकरी गुलबर्ग्याच्या बाजूला झाली, तराजू तपासण्यात आणि वजनांवर शिक्के मारण्यात. ते रिटायर झालेत हे सरकारला माहीत होतं, बाजाराला माहीत होतं, फक्त अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. गॅसचा सिलेंडर आला की तो आधी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला स्प्रिंगच्या काट्यावर टांगला जायचा, मग घरात. स्वतःकडं साधी लुना नसताना पेट्रोल पंपावर जाऊन तपासणीचं पाच लिटरचं माप मागायचे. पंपवाला त्यांना लांबून बघितलं की म्हणायचा, "आले बघा, बिनगाडीचे गिऱ्हाईक."

आम्ही खाली भाड्यानं राहायचो आणि अप्पा अन् अक्का वर. अक्का म्हणजे त्यांची बायको. बोलायला फटकळ आणि मनानं लोण्याचा गोळा. नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायला त्यांना आमच्या स्वैपाकघराचा उंबरा लागायचा. त्यातलं गाणगापूरचं गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथं होते असं वाटतं. अक्कांचा नवस होता. दुपारी मधुकरीच्या वेळेला दत्त महाराज कुठल्या ना कुठल्या रूपात भिक्षेला येतात म्हणून अक्का रांगेत वाढायला उभ्या होत्या, आणि अप्पांना फक्त प्रसादाचे पेढे आणायला पाठवलं होतं. भिक्षा वाढून झाली, रांग उठली, तरी माणसाचा पत्ता नाही. अक्का जाऊन बघतात तर अप्पा दुकानात, तराजूचं पारडं उलटं करून खाली चिकटवलेलं मेण खरवडायलेत.

"दत्त महाराज समोरून गेले आसते ना," अक्का म्हणायच्या, "तर ह्या माणसानं त्येंची झोळी काढून घेऊन तोलली आसती."

अप्पा वरून ओरडायचे, "मेण व्हतं का न्हवतं, ते सांग की आधी!"

खरं सांगायचं तर असल्या माणसाशी माझं जमायचं काही कारण नव्हतं. मी तेव्हा नववीत. आमच्या पीटीच्या सरांनी उदगीरच्या बाजूला कुठंतरी शिबिर करून सॉफ्टबॉलचा खेळ आणला होता आणि मला त्याचं वेड लागलं होतं. हा चेंडू खालून फेकायचा. हात चाकासारखा पूर्ण फिरवायचा, एक लांब ढांग टाकायची आणि मांडीला घासून हात पुढं गेला की चेंडू सोडायचा. फेकणारीला पिचर म्हणतात. मी पिचर. शाळा सुटली की अंगणातल्या कंपाउंडच्या भिंतीला जुनी गादी उभी करायची आणि अंधार पडेस्तोवर धपाधप चेंडू मारत बसायचं, हा माझा कार्यक्रम.

एके दिवशी अप्पा जिना उतरून आले. मला वाटलं, आता भिंतीवरून बोलणी खावी लागणार.

"किती?" अप्पा म्हणाले.

"किती काय अप्पा?"

"किती जोरात टाकायलीस?"

मी छाती फुगवून सांगितलं, "लई जोरात!"

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पेढ्याच्या तराजूला मेण लावलंय. "लई? लई हे माप हाय काय?"

"सर म्हणतात, ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढं हाय तुझा स्पीड."

"सरांनी कशानं मोजलं?"

"बघून."

"बघून! मग सरांच्या डोळ्याला शिक्का मारलाय का कुणी?"

आणि झालं. त्या दिवसापासून माझा चेंडू अप्पांच्या तावडीत सापडला. त्यांना खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. रन कशाला म्हणतात, आऊट कोण झालं, काही नाही. चेंडू हातातून सुटतो आणि गादीवर आदळतो, तेवढ्या मधल्या वेळापुरताच त्यांचा सॉफ्टबॉल होता.

आधी अंतर. सर म्हणाले होते चाळीस फूट, आणि मी चाळीस फूट म्हणून जिथं उभी राहायची तिथून अप्पांनी लोखंडी टेप लावला तर दीड फूट कमी भरलं. मागं सरकायला जागा नव्हती, धुण्याचा दगड मध्ये यायचा. अप्पांनी दोन हमाल बोलावून दगडच हलवला. लिंबाच्या सावलीतला दगड भर उन्हात गेला. अक्का तिथं धुणं धोपटताना प्रत्येक धोपटीला एक शिवी घालायच्या, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या असायच्या.

मग त्यांच्या ध्यानात आलं की मी ढांग टाकते, म्हणजे चेंडू सुटतो तो चाळीस फुटांवरून नाहीच, बराच पुढून. झालं, पाय कुठं पडतो ते बघायला जमिनीवर ज्वारीचं पीठ पसरलं. माझ्या पायाचा ठसा उमटला, अप्पांनी तिथून परत टेप लावला. पिठाचा डबा रिकामा झालेला अक्कांना रात्रीच्या भाकरीला कळला.

वेळेचा घोळ तर ह्याहून मोठा. स्टॉपवॉच आणलं. पण एका चेंडूला एक आकडा यायचा, लगेच दुसऱ्याला भलताच. मी म्हटलं, "मी तर सारखीच टाकायले." अप्पा विचार करत बसले. मग त्यांनी अक्कांना जिन्यावरून स्टीलचा डाव खाली सोडायला सांगितला, आणि आवाज आला की बटण दाबायचं, असं कितीतरी वेळ केलं. शेवटी म्हणाले, "चूक तुझी न्हाई गं. ह्यो अंगठा उशिरा पोचायलाय." आणि स्वतःच्या अंगठ्याकडं असे बघत बसले, जसा एखादा जुना विश्वासातला शिपाई लाच खाताना सापडावा.

मग त्यांनी फोन घेतला. तोवर बटणांचाच होता त्यांच्याकडं. बेंगळूरला त्यांचा मुलगा ‘व्हिडिओ कॉल करा, नातवाचं तोंड बघा’ म्हणून दोन वर्षं मागं लागला होता, तेव्हा घेतला नाही. माझा चेंडू ऐकायला घेतला. मांडीला हात घासतो त्याचा ‘चट’ आणि गादीचा ‘धप’, दोन्ही आवाज फोनमध्ये भरायचे आणि मधला वेळ पडद्यावर बघायचा. फोन ठेवायचा तो बरोब्बर मधोमध, एका पाटावर. मी विचारलं, "मधीच कामून अप्पा? माझ्यापाशी ठेवते की."

"आवाजाला यायला वेळ लागत न्हाई व्हय? एकीकडं ठेवला की दुसरीकडचा उशिरा येतंय. मधी ठेवला की दोघंबी सारखेच चालून येतेत."

पंधरा-वीस चेंडू झाले. अप्पांनी हिशेब केला, परत केला. मग म्हणाले, "त्रेसष्ट."

ऐंशी ऐकायची सवय झालेल्या पोरीला त्रेसष्ट ऐकवणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. मी चेंडू जागेवर टाकून घरात निघून गेले. डोळ्यांत पाणी आलं. अंगणातून अप्पांचा आवाज आला, "रडायचं काय त्यात? त्रेसष्ट तर त्रेसष्ट. पर खरं हाय ते, कुठंबी ने." मला तो माणूस त्या दिवशी अगदी नकोसा झाला. पण दुसऱ्या दिवशी परत गादी उभी केलीच, कारण आता मला चौसष्ट बघायचं होतं.

अप्पांच्या नोकरीतली एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. गुलबर्ग्याच्या बाजारात तूरडाळीचा एक दुकानदार होता. त्याचा तराजू बिघडला होता, पण उलटा. किलोमागं थोडी जास्तच डाळ द्यायचा. गिऱ्हाईक खूश, गर्दी ही एवढी. अप्पांनी तराजू जप्त केला. दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, नुकसान माझं व्हायलंय, तुम्हाला काय?" गिऱ्हाइकंसुद्धा अप्पांवर उठली. अप्पा म्हणाले, "आज ह्येचं नुकसान, उद्या तुमचं. काटा एकदा खोटं बोलाय लागला की कुणाच्या बाजूनं बोलायचं, हे त्येच्या हातात ऱ्हात न्हाई." ही गोष्ट ते अभिमानानं सांगायचे. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, काय विचित्र माणूस आहे, चार लोकांना चार दाणे जास्त मिळाले तर ह्याच्या पोटात का दुखावं.

दहावीच्या सुरुवातीला राज्याच्या संघाची निवड चाचणी आमच्याच गावात ठरली; निवडलेल्या पोरींचं शिबिर पुढं म्हैसूरला. घरात बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं. बाबा एका लॉरी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघायचे. तोंडानं कमी बोलायचे, पण बोलले की ते दगडावरची रेघ. "निवड झाली तर खेळ. मी आडवा येणार न्हाई. न्हाई झाली तर चेंडू बंद, गुलबर्ग्याला मावशीकडं ऱ्हायचं आन् सायन्सच्या क्लासला जायचं." मी "व्हय" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण पिचरला पंच्याहत्तरची अट होती.

चाचणीचं मैदान हायवेला लागून. हैदराबादकडून येणाऱ्या लॉऱ्या तिथं वळण घेतात, आणि वळायच्या आधी क्षणभर थेट मैदानात घुसतात की काय असं वाटतं. बेंगळूरहून आलेले एक चष्मेवाले साहेब कॅचरच्या मागं जाळीआड स्पीडची गन धरून बसले होते. प्रत्येकीला तीन चेंडू, त्यातला सगळ्यात जोराचा धरायचा. माझा पहिला सत्तर; गन चेंडू हातातून सुटतानाचाच वेग धरते, म्हणून अप्पांच्या फोनपेक्षा दोन-तीन जास्त. दुसरा एकाहत्तर. तिसऱ्याला मी होता नव्हता तेवढा जीव हातात आणला आणि सोडला.

"त्र्याऐंशी!" साहेब ओरडले.

आमच्या शाळेच्या पोरींनी नुसता कल्ला केला. सरांनी मला चक्क उचलली. मी हसत होते, रडत होते. बाबांची अट, सायन्सचा क्लास, सगळं त्या एका आकड्याखाली गाडलं गेलं होतं. आणि मग कुंपणाच्या फटीतून छत्री सांभाळत आत येणारे अप्पा दिसले. मला वाटलं, शाबासकी द्यायला आलेत.

अप्पा माझ्याकडं न बघता सरळ साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. बोलणं कन्नडात झालं, मी आपल्या बोलीत सांगते.

"साहेब, हे चुकलंय. त्र्याऐंशीनं लॉरी आली, पोरगी न्हाई."

"काय?"

"चेंडू सुटला तवाच मागनं लॉरी वळणावर आली. तुमच्या यंत्रानं लॉरी मोजली."

मी आयुष्यातला सगळ्यात मोठा चेंडू टाकत होते तेव्हा ह्या माणसानं माझ्याकडं पाठ केली होती, चेंडू नुसता कानानं ऐकून तो रस्ता बघत होता!

"तुम्ही मुलीचे कोण?" साहेबांनी विचारलं.

"घरमालक."

सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, "घर रिकामं करून घ्यायचं असंल." अप्पा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "कुणी चेंडू टाकू नका. गन तशीच धरा, आन् पुढली लॉरी येऊ द्या." साहेबांनी वैतागून, ह्या म्हाताऱ्याला एकदाचं गप्प करावं म्हणून गन धरली. लॉरी आली. गनवर एकोणऐंशी उमटलं, आणि मैदानात चेंडू कुणाच्याच हातात नव्हता.

मग कुणी हसलं नाही. सर अप्पांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "अप्पा, तुम्ही आपल्याच पोरीच्या पोटावर पाय द्यायलात."

"पाय न्हाई द्यायलो मी," अप्पा म्हणाले. पण हातातली छत्री त्यांनी उगीच उघडली, परत मिटली.

सगळी मांडामांड फिरवली, मागं शाळेची भिंत येईल अशी. सगळ्याच पोरींनी परत चेंडू टाकले. माझे सत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. दुसऱ्या गावच्या दोघी पंच्याहत्तरच्या वर गेल्या. त्यांची नावं वाचली. माझं नाही.

मी तिथंच, सगळ्यांच्या समोर, अप्पांवर ओरडले. "तुम्हाला कोण बोलावलं व्हतं?"

"कुणी न्हाई."

"मग कामून आलात? एक दिवस तोंड मिटून बसायला काय झालं व्हतं तुम्हाला?"

अप्पा छत्रीच्या मुठीकडं बघत म्हणाले, "तू म्हैसूरला गेली असतीस. तिथं परत मोजले असते. तिथं मागं लॉरी नसती, पोरी." ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. घरी येताना मी दुसऱ्या रिक्षात बसले.

अक्का माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. "दारात आलेली लक्ष्मी लॉरी म्हणून हाकलली ह्या माणसानं," असं गल्लीभर सांगून आल्या आणि अप्पांना त्या आठवड्यात रोज पिठलं खायला घातलं. अप्पा मुकाट्यानं खायचे. बाबांनी मात्र काही आरडाओरडा केला नाही. त्यांनी चेंडू उचलला, स्टूल घेतलं आणि माळ्यावर, जुन्या ट्रंकेच्या मागं टाकून दिला. "झालं. आता रविवारी मावशीकडं." एवढंच.

शनिवारी संध्याकाळी अप्पा आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत त्यांनी आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. भाडेकरूच्या घरात मालकानं पाय टाकू नये, असा त्यांचा नियम. बाबांनी खुर्ची पुढं केली. मी आतल्या खोलीत कपडे भरत होते, दार उघडंच होतं.

"तुमच्यामुळं गेलं सगळं," बाबा म्हणाले. रागानं नाही, सरळ.

"व्हय," अप्पा म्हणाले. मला वाटलं आता समजावून सांगतील, लॉरी, काटा, गुलबर्ग्याची डाळ. काही नाही. नुसतं "व्हय."

मग अप्पाच म्हणाले, "मी जलमभर वजनं मोजली. लोखंडाची, पितळेची. वापरून वापरून झिजतेत ती. जे हातात घेतलं ते मागल्या बारीपेक्षा कमीच भरायचं. शिक्का मारायचा, आन् परत झिजायचं. वाढलेलं काही बघितलंच न्हाई मी." त्यांनी खिशातून फोन काढला, उगीच हातात फिरवला. "ही पोरगी माझ्या मापानं त्रेसष्ट व्हती. मागल्या आठवड्यात अडुसष्ट भरली. रोज मोजलंय मी. ही वाढायलीय. बंद करू नका एवढंच सांगायला आलो."

माझे हात थांबले. ही वाढायलीय, असं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. लई जोरात टाकते, लई हुशार आहे, वाघीण आहे, असलं पुष्कळ ऐकलं होतं.

बाबांनी विचारलं, "म्हणजे पुढल्या साली पंच्याहत्तर भरंल म्हणता?"

मी कपाटाला टेकून उभी राहिले. देवा शप्पथ सांगते, तेवढी प्रार्थना मी चाचणीच्या दिवशीसुद्धा केली नव्हती. अप्पा, ‘व्हय’ म्हणा. अहो, एक शब्द. आत्ता बाबांचं मन वितळलंय. आयुष्यात एकदा, फक्त माझ्यासाठी, न मोजता बोला.

अप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांना कळत होतं, मला काय हवंय. त्यांचे ओठ हलले, परत मिटले. शेवटी त्यांनी मान खाली घातली.

"ते मला म्हायती न्हाई," ते म्हणाले. "अजून मोजलं कुठंय?"

संपलं, मला वाटलं. खलास. मी खाली बसून पिशवीची चेन ओढायला लागले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वर बघते तर बाबा स्टूल घेऊन आत आलेले. ते माळ्याखाली ठेवून वर चढले, ट्रंकेमागं हात घातला आणि चेंडू काढून, त्यावरची धूळ बंडीला पुसून माझ्या हातात दिला.

"दिवसभर फोनवर ड्रायव्हरांचं मी एकच ऐकतो," बाबा दाराकडं बघत म्हणाले. "‘होतंय की साहेब, नक्की होतंय. गाडी निघाली, आलीच म्हणून समजा.’ हा माणूसबी ‘व्हय’ म्हणला असता तर मी चेंडू काढला नसता."

अप्पा खुर्चीतून उठले होते, पण त्यांना नीट उभं राहता येत नव्हतं. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायले होते आणि चष्मा कुठं ठेवला ते सापडत नव्हतं. चष्मा त्यांच्या दुसऱ्या हातातच होता. त्या माणसाचा मला भयंकर राग आला होता आणि भयंकर मायाही आली होती. मी त्यांचा हात धरून त्यांना अंगणात घेऊन गेले आणि गादी उभी केली.